केळफूल, बेचाळीस जण आणि अठरा मिनिटं

एक नवी रचना करायला घ्या आणि ती बेचाळीस वादकांसाठी करा. सूर जमोत न जमोत, किस्से जमतातच! माझी मैत्रीण शिल्पा म्हणते, "तुझ्या 'केळफुला'त मुख्य पीक किस्स्यांचंच होतं. संगीत आपलं आंतरपीक." शिल्पा व्हायोलिन वाजवते आणि मला कधीही बरं वाटावं म्हणून बोलत नाही. अशी एक मैत्रीण प्रत्येकाला असावी, पण दोन असू नयेत.

मी पिंप्राळ्याची. पुण्याला संगीत शिकले आणि डोक्यात एक किडा घेऊन जळगावला परत आले. मोठ्या समूहासाठी लिहिलेलं नवं, गंभीर संगीत फक्त मोठ्या शहरांनीच का ऐकायचं? आमच्याकडे काय कमी आहे? खानदेशात गल्लोगल्ली पितळी वाद्यं आहेत! कमी आहे ती एकच गोष्ट. त्यांना कोणी खुर्चीत बसून ऐकत नाही.

मग मी माणसं गोळा केली. धुळ्याचा एक लग्नाचा बँड, सव्वीस जण. त्यांचे प्रमुख वामन मास्तर, क्लॅरिनेट वाजवतात, वय एकसष्ट. पहूरचं भजनी मंडळ, अकरा जण. एक मृदंग, दहा टाळ. त्यांचे प्रमुख आबा, केळी आणि कापूस पिकवणारे. आणि जळगावच्या पाच व्हायोलिनवाल्या, त्यात शिल्पा. रचनेचं नाव 'केळफूल'. केळफुलाची एक पाकळी उघडते, खाली केळ्यांची एक फणी दिसते, मग दुसरी उघडते, तसे सुरांचे थर एकामागून एक उघडत जातात.

मला फार काही नको होतं. ही रचना पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, मध्ये न थांबता, एकदा लोकांसमोर वाजली पाहिजे. एकदा! एवढंच!

*

बँडवाल्यांना रिहर्सलला बोलावणं म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. मी मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, एकोणीसला जमेल?"

"एकोणीसला दाट लग्नतिथी, ताई. बँड दोन ठिकाणी फोडलाय."

"बावीसला?"

"बावीसचं तर नावच काढू नका."

"मग पंचवीसला?"

मास्तर म्हणाले, "ताई, तुमच्या घरी कॅलेंडर नाही का?"

होतं की! मी ते भिंतीवरून काढलं, मागच्या पानावरची लग्नमुहूर्तांची यादी बघितली आणि ज्या दिवशी एकही मुहूर्त नाही ते सगळे दिवस लाल पेनने गोल केले. मुख्य कार्यक्रम पौषात टाकला, कारण पौषात लग्नं नसतात. कॅलेंडर पुन्हा खिळ्याला अडकवलं आणि खुशीत झोपले.

सकाळी चाळीसगावहून मावशीचा फोन. "अगं, किती आनंद झाला! तुझी आई म्हणाली, तू मुहूर्त बघायला लागलीस. माझ्याकडे एक इंजिनिअर मुलगा आहे..."

मी फोन तसाच हातात घेऊन स्वयंपाकघरात धावले. आई शेवभाजीला फोडणी देत होती आणि चक्क गुणगुणत होती.

"आई! ज्या दिवशी लग्न लागत नाही, ते दिवस आहेत ते! रिहर्सलचे!"

आईने गॅस बारीक केला. कॅलेंडर हातात घेऊन एकेक गोल तपासला. "म्हणजे वर्षातले सगळे बिनमुहूर्ताचे दिवस शोधून काढलेस?"

"हो."

"आणि कुठे भेटणार तुम्ही?"

"मंगल कार्यालयात. त्या दिवशी ते रिकामंच असतं ना!"

"मुहूर्त नाही, नवरा नाही, आणि मंगल कार्यालयात बँड!" आईने माझ्या हातातला चालू फोन माझ्याच कानाला लावला. "घे. मावशीला हे तूच सांग."

*

आधी ही रचना चोवीस मिनिटांची होती. अकरा भाग. कॉम्प्युटरवर तिचा कच्चा आवाज तयार करून मी पहूरला गेले आणि देवळाच्या ओट्यावर आबांना ऐकवला. आबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मध्ये एकदाही हलले नाहीत.

"चांगलं शे," आबा म्हणाले. "किती फण्या?"

"अकरा भाग आहेत, आबा."

"खालच्या दोन काप."

"का?"

"भरत नाहीत. झाड बठ्ठ्या, सगळ्या फण्यांले पोसत बसते, अन् मग एकही धड भरत नाही. आम्ही घडावर नऊच ठेवतो, बाकीच्या विळ्यानं काढून टाकतो."

त्या दोन भागांवर मी तीन आठवडे घालवले होते! पुण्यात शिकलेलं सगळंच्या सगळं त्यांत ओतलं होतं. मी जरा चिडूनच म्हटलं, "आबा, हे केळीचं नाहीये. हे संगीत आहे."

आबांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. "मंग केळफूल नाव कोनं ठेवलं? म्या?"

परत येताना बसमध्येच ते दोन भाग कापले. रचना अठरा मिनिटांची झाली. आणि खरं सांगते, त्या दोन भागांत काय होतं ते मला आज आठवतसुद्धा नाही.

*

नाट्यगृहाच्या बुकिंगला गेले. तिथले साहेब अतिशय सभ्य. समोर फॉर्म, हातात पेन.

"गायक कोण?"

"गायक नाही."

"मग गाणी?"

"गाणी नाहीत."

"नृत्य असेल."

"नाही. बेचाळीस जण फक्त वाजवणार."

"बरं. किती वेळ?"

"अठरा मिनिटं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, अठरा मिनिटांत आमच्याकडे दीपप्रज्वलन होत नाही."

"दीपप्रज्वलन नाहीच आहे. सत्कार नाही, प्रास्ताविक नाही, सूत्रसंचालन नाही. पडदा उघडणार आणि वाजणार!"

आता मात्र ते खरोखर काळजीत पडले. पुढे वाकून, आवाज बारीक करून त्यांनी विचारलं, "मग कार्यक्रम सुरू झालाय, हे लोकांना कळणार कसं?"

*

नोटेशनचा मोठा प्रश्न होता. पाश्चात्त्य पद्धतीच्या रेघा आमच्यातल्या पाचच जणींना वाचता येत होत्या. बाकीच्यांना सरगम. कागद धरायला स्टँड नाहीत, चष्मे प्रत्येकाचे वेगळे. मग मला आयडिया सुचली. फ्लेक्स! चौकाचौकात वाढदिवसाचे लागतात तेवढे मोठे फ्लेक्स, त्यावर सरगम. शेवटच्या रांगेतल्या ढोलवाल्यालाही दिसेल!

फ्लेक्सवाल्याने विचारलं, "फोटो कोणाचा?"

"फोटो नाही. फक्त ही अक्षरं."

"मॅडम, रिकामं दिसेल."

"दिसू दे."

फ्लेक्स तयार होऊन आले. अठरा मिनिटांच्या सरगमीत एकही चूक नाही! कोमल स्वरांखालच्या रेघासुद्धा जागच्या जागी. मी त्याचे पाय धरायचेच बाकी होते. मग कडेचे फुगे दिसले. मग फुलांची महिरप दिसली. आणि शेवटच्या स्वरांच्या खाली, लाल अक्षरांत: 'शुभेच्छुक : समस्त मित्र परिवार'.

"रिकामं बघवेना," तो म्हणाला.

रिहर्सलला फ्लेक्स भिंतीवर टांगले. ट्रम्पेटवाले भास्करभाऊ ओळ न् ओळ बोट फिरवत वाचत गेले आणि तळाशी थांबले. "ताई, ही शेवटची ओळ कोणी वाजवायची?"

मी बोलायच्या आत मास्तर म्हणाले, "ती आपली नाही रे. ती पब्लिकची."

*

पहिल्या रिहर्सलला मी बेचाळीस खुर्च्या अर्धगोलात मांडल्या. कार्यालयाच्याच खुर्च्या, पांढरी कव्हरं, मागे सोनेरी बो. सगळे बसले. मी खूण केली. आणि पितळी वाद्यांमधून जो आवाज आला, तो मी कुठल्याच नोटेशनमध्ये लिहिलेला नव्हता.

"काय झालं, मास्तर?"

"बसून वाजवायची सवय नाही, ताई. बसलं की वारा पोटातच राहतो."

"मग उभे राहा!"

"चला रे, बठ्ठा उठा!" मास्तर म्हणाले.

उभे राहिले आणि काय आवाज लागला! स्वच्छ, भरदार, खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मी डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळाने आवाज जरा लांबून यायला लागला. मला वाटलं, वा! किती सुंदर हळू होत चाललेत! मी तर असं लिहिलंही नव्हतं!

"डोळे उघड," शिल्पा म्हणाली.

उघडले. समोर सव्वीस रिकाम्या खुर्च्या. बँड वाजवत वाजवत दारातून बाहेर पडून रस्त्याला लागला होता!

मी चपला न घालता मागे धावले. बायका गॅलरीत आलेल्या, दोन रिक्षा कडेला थांबलेल्या, एक आजोबा हात जोडून उभे. बँड पाण्याच्या टाकीपर्यंत गेला, शिस्तीत वळला आणि वाजवत परत आला. एकही सूर सुटला नव्हता, एकही मात्रा हुकली नव्हती.

"मास्तर, असं चालायचं नाही!"

"वाजवण्यात चूक झाली का, ताई?"

"नाही."

"मग?"

मी पुण्याचं शिक्षण बाजूला ठेवलं. पुढच्या रिहर्सलपासून मी त्यांना जागच्या जागी पावलं टाकायची परवानगी दिली.

*

चौथ्या भागात टाळ गप्प असतात. चार मिनिटं नुसती व्हायोलिन आणि क्लॅरिनेट. माझ्या मते रचनेतली सर्वांत सुंदर जागा.

आबांनी विचारलं, "या चार मिनिटांत आमी काय करायचं?"

"काही नाही, आबा. शांत उभं राहायचं."

आबांनी मागे वळून आपल्या दहा माणसांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "उभं राहायसाठी पहूरहून आणलं आमाले?"

मी शांततेवर भाषण दिलं. शांतताही संगीतच असते, न वाजवणाराही वाजवतच असतो, वगैरे. आबा मान डोलवत होते. वाजवायला सुरुवात केली. व्हायोलिन अलगद वर चढत होती, मास्तरांचा सूर खालून येत होता, आणि तिसऱ्या मिनिटाला: टिंग!

"कोण?"

सगळे फ्लेक्सकडे बघायला लागले. पुन्हा सुरुवात. पुन्हा तिसऱ्या मिनिटाला: टिंग!

"आबा, कोण वाजवतंय?"

"मीच," आबा म्हणाले. "भजनात कोनाचा टाळ इतका वेळ गप राहिला, तर शेजारच्याले वाटते, म्हातारा गेला का काय. म्हून एक वाजवला. आहे म्हून कळवलं."

ती टिंग मी ठेवली. नोटेशनमध्ये लिहून टाकली. तिसरं मिनिट, एक टाळ, आबा.

*

आता जे सांगते, त्याची मला अजून लाज वाटते.

सोळाव्या मिनिटाला सगळे थर एकत्र येतात. बेचाळीसच्या बेचाळीस जण! तिथून शेवटची दोन मिनिटं म्हणजे रचनेचा जीव. त्या जागेचा इशारा कसा द्यायचा, हे मी आरशासमोर उभं राहून बसवलं होतं. दोन्ही हात वर, थेट आकाशाकडे!

सोळावं मिनिट आलं. मी दोन्ही हात वर केले.

बँड बंद!

टाळ आणि व्हायोलिन दोन-चार मात्रा धडपडत पुढे गेले आणि तेही थांबले.

"काय झालं?"

"तुम्ही हात वर केला ना, ताई," भास्करभाऊ म्हणाले.

पुन्हा घेतलं. पुन्हा हात, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तेच. मी आधीच उतावीळ, त्यात त्या दिवशी चौथी रिहर्सल, त्यात शेवट अजून एकदाही वाजलेला नाही. मी ओरडले, "ही वरात नाहीये, मास्तर! कधीतरी वरातीतून बाहेर या ना!"

मास्तरांनी क्लॅरिनेट रुमालाने पुसलं, खुर्चीवर ठेवलं.

"ताई, पंचेचाळीस वर्षं वाजवतोय," ते म्हणाले. "वरात दारात पोचली की घरचं मोठं माणूस हात वर करतं. हात दिसला की थांबायचं, सूर कुठेही असो, आणि बाजूला सरकून नवरदेवाला वाट द्यायची; टाळ्या त्याला. आमच्यात पोरगा उभा राहतो तेव्हा त्याला पहिली गोष्ट हीच शिकवतात. चाल सुरू कशी करायची ते आम्हाला येतं. पंचेचाळीस वर्षांत एकही चाल मी शेवटापर्यंत वाजवलेली नाही."

मग ते हळूच आपल्या बोलीत म्हणाले, "एकदाव शेवटलोंग वाजाडनं शे. म्हनीसन तं धुयाथीन येस मी." एकदा शेवटापर्यंत वाजवायचंय, म्हणून तर धुळ्याहून येतो मी.

मी माफी मागितली. मास्तर म्हणाले, "माफी ऱ्हाऊ द्या. हात खाली ठेवा."

त्या दिवसापासून नियम झाला. माझे हात कमरेच्या वर जाणार नाहीत. शिल्पाने ओढणीची दोन टोकं माझ्या दोन मुठींत दिली. "घट्ट धर. सुटली, तर तुझं काही खरं नाही."

त्या दिवशी वेळ संपला होता, आणि पुढची, शेवटची रिहर्सल सोळाव्या मिनिटाच्या अलीकडेच तुटली. कार्यालयाचे मालक दारात आले, साखरपुड्याची पार्टी सजावट बघायला आली होती. म्हणजे कार्यक्रमाच्या दिवशीपर्यंत ती शेवटची दोन मिनिटं कोणी ऐकलेली नव्हती. मीसुद्धा नाही!

*

पौषातला तो दिवस. नाट्यगृह अखेर मिळालं होतं. संध्याकाळी सहाची वेळ.

मी सगळ्यांना साधे पांढरे शर्ट सांगितले होते. बँडवाले लाल कोट, सोनेरी झालरी, डोक्यावर तुऱ्याच्या टोप्या असे पूर्ण थाटात आले. "मोठा कार्यक्रम शे ना," मास्तर म्हणाले. धुळ्याहून त्यांच्या घरची माणसं टेम्पो भरून आली होती. बायका पुढच्या दोन रांगांत बसल्या. मास्तरांच्या पत्नी, अक्का, मला पडद्यामागे भेटायला आल्या. "लग्नाला चाळीस वर्षं झाली," म्हणाल्या, "पण यांचं वाजवणं मी अजून ऐकलेलं नाही. वरातीत आम्ही कुठे असतो?"

दीपप्रज्वलन झालं नाही. पडदा उघडला. वाजायला लागलं.

पहिली पाकळी. नुसते टाळ, अगदी बारीक, पाटाचं पाणी वाफ्यात शिरावं तसे. मग व्हायोलिन. मग युफोनियम, बँडमधलं ते खर्जातलं पितळी वाद्य, खालून आलं आणि माझ्या पायाखालचं लाकूड थरारलं. मी ओढणी मुठीत धरून उभी होते. पाचवं मिनिट. आठवं मिनिट. हॉलमध्ये एक मोबाइल वाजला, कोणीतरी तो मांडीखाली दाबला. बारावं मिनिट. बँडवाले जागच्या जागी पावलं टाकत होते, सव्वीस जणांचं एकच पाऊल, आणि ते पाऊलही मला रचनेचाच भाग वाटायला लागलं होतं. आधी का नाही सुचलं!

पंधरावं. भास्करभाऊंच्या कपाळावरून घाम ओघळत होता. शिल्पाने माझ्याकडे बघितलं. ती कधी घाबरत नाही. ती घाबरली होती.

सोळावं.

मी नुसता श्वास घेतला. मोठा, खांद्यापर्यंत. मास्तरांनी माझ्याकडे बघत तोच श्वास घेतला. आणि बेचाळीस जण एकदम फुटले!

काय सांगू तुम्हाला! मी ते कागदावर लिहिलं होतं, कॉम्प्युटरवर शंभरदा ऐकलं होतं, आणि तरी मला माहीतच नव्हतं की ते असं आहे! टाळ, ट्रम्पेट, ढोल, व्हायोलिन, सगळं एकमेकांवर चढत होतं आणि कोणीच कोणाला झाकत नव्हतं. एक मिनिट. दीड मिनिट. मग एकेक जण कमी होत गेला, मी लिहिलं होतं तसाच. ढोल थांबले, टाळ थांबले, व्हायोलिन विरली. शेवटी मास्तरांचं क्लॅरिनेट एकटं उरलं, खालच्या षड्जावर. मास्तरांनी तो सूर लांबवला, बारीक केला, अजून बारीक केला, आणि ठेवला.

संपलं. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत.

मग पुढच्या रांगेत अक्का उठून उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या. मग सगळा हॉल उठला. टाळ्या थांबेनात.

आणि स्टेजवर सव्वीसच्या सव्वीस बँडवाले एकदम मागे वळले, कोण आलं ते बघायला. दोन्ही बाजूंना सरकून त्यांनी मधून वाट करून दिली.